सरदार दयालसिंग मजिठिया यांचे मृत्युपत्र

गावात देवळाचे काम निघाले म्हणजे देणाऱ्यांचे हात आपोआप पुढे येतात. कोणी रोख रक्कम देतो, कोणी विटांची गाडी पाठवितो, कोणी पायरीचा दगड देतो, आणि ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही तो आठ दिवस अंगमेहनत देऊन जातो. परंतु देणाऱ्याच्या मनात, तो बोलून दाखवो अथवा न दाखवो, एक शंका असतेच. आपण आहोत तोवर ठीक, आपल्या पश्चात या दानाचे काय होईल? मुले-पुतणे ते मान्य करतील काय? ज्यांच्या हाती आपण विश्वासाने दिले, ते त्याचा सांभाळ करतील काय?

ही शंका अनाठायी आहे असे म्हणता येणार नाही. आपल्या पूर्वजांनी देवाला जमिनी दिल्या, दानावर उदक सोडले. तोंडच्या शब्दाला मान होता तोवर ते चालले. पुढे पिढ्या बदलल्या, वहिवाट एकाकडे आणि कागद दुसऱ्याकडे असे झाले, आणि कित्येक ठिकाणी देवाची जमीन कोणाची हाच वाद कोर्टात गेला. म्हणून दान देण्याइतकेच ते टिकविणेही महत्त्वाचे आहे. दान कसे टिकते याचे एक मोठे उदाहरण पंजाब प्रांतात घडले. ते आपल्यापासून दूरचे असले तरी प्रत्येक दात्याने व प्रत्येक विश्वस्ताने समजून घ्यावे असे आहे.

मजिठिया घराणे

अमृतसरजवळ मजिठा नावाचे गाव आहे. त्या गावावरून मजिठिया हे आडनाव पडले. महाराजा रणजितसिंग यांच्या दरबारात या घराण्याला मोठा मान होता. महाराजांनी अमृतसरच्या दरबार साहेबाला सोन्याचा पत्रा चढविला, त्या काळात अमृतसरची व त्या पवित्र स्थानाची व्यवस्था सरदार देसासिंग मजिठिया आणि त्यांचे पुत्र सरदार लेहनासिंग यांच्याकडे होती. लेहनासिंग यांना गणित व ज्योतिष यांची मोठी आवड होती. यंत्रविद्येतही त्यांची गती होती.

महाराजा १८३९ साली निवर्तले. त्यानंतर लाहोर दरबारात गादीसाठी जे कलह व रक्तपात झाले, ते पाहून लेहनासिंग पंजाब सोडून काशीस गेले. तेथेच १८४८ साली दयालसिंग यांचा जन्म झाला. मुलगा सहा वर्षांचा झाला न झाला तोच, १८५४ साली वडिलांचे छत्र हरपले. अल्पवयीन वारसाच्या मिळकतीवर कोर्ट ऑफ वॉर्ड्सची देखरेख आली. दयालसिंग यांचे शिक्षण अमृतसर येथील मिशन शाळेत झाले.

वयात आल्यावर त्यांनी वडिलार्जित मिळकत नुसती सांभाळली नाही, ती वाढविली. लाहोरात त्यांनी घरे व बंगले बांधून भाड्याने दिले. जडजवाहिराचीही त्यांना उत्तम पारख होती. १८७४ साली ते विलायतेस गेले व तेथे सुमारे दोन वर्षे राहिले. तिकडची वर्तमानपत्रे, ग्रंथालये व विद्यालये पाहून आपल्या प्रांतातही असे काही व्हावे हा विचार त्यांच्या मनाने घेतला. ब्राह्मो समाजाच्या मतांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. आपल्याकडे १८६७ साली मुंबईत स्थापन झालेला प्रार्थना समाज हा साधारण त्याच विचाराचा होय.

हयातीतील कार्य

बंगालचे थोर पुढारी सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या आग्रहावरून सरदारांनी लाहोर येथे ‘ट्रिब्यून’ हे इंग्रजी साप्ताहिक काढले. त्याचा पहिला अंक २ फेब्रुवारी १८८१ रोजी निघाला. त्यासाठी छापखाना कलकत्त्याहून आणविला गेला. १८९३ साली लाहोर येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्ष होते मुंबईचे पितामह दादाभाई नौरोजी आणि स्वागताध्यक्ष होते सरदार दयालसिंग. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९४ साली, देशी भांडवलावर व देशी माणसांच्या कारभारात पंजाब नॅशनल बँक स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्षही तेच.

मान होता, वैभव होते, परंतु पोटी संतान नव्हते. मोठ्या घरात असे झाले म्हणजे काय होते हे सांगावयास नको. भाऊबंदांची नजर मिळकतीवर लागते आणि धन्याच्या डोळ्यांदेखत वाटणीच्या गोष्टी सुरू होतात. सरदार सावध गृहस्थ होते. १५ जून १८९५ रोजी त्यांनी आपले मृत्युपत्र केले, तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तेचाळीस वर्षांचे होते. अंथरुणाला खिळल्यावर कोणी तरी हात धरून सही घेतली, असा तो प्रकार नव्हता.

मृत्युपत्रात काय होते

सरदारांनी आपल्या मिळकतीतून तीन कामे योजिली. पहिले काम म्हणजे लाहोर येथे एक महाविद्यालय काढावे. दुसरे, सर्वांना खुले असे एक ग्रंथालय स्थापावे. तिसरे, ट्रिब्यून पत्र व त्याचा छापखाना कायमचा विश्वस्तांच्या हाती द्यावा.

ट्रिब्यूनविषयीची योजना विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. पत्राचे उदारमतवादी धोरण कायम ठेवावे आणि खर्च वजा जाता जी शिल्लक उरेल ती पत्राच्याच सुधारणेसाठी व स्थैर्यासाठी लावावी, असे त्यांनी लिहून ठेविले. म्हणजे नफा कोणाच्याही घरी जावयाचा नाही. विश्वस्त नेमतानाही त्यांनी आपल्या गोतावळ्यातील माणसे धरली नाहीत. ट्रिब्यूनच्या पहिल्या विश्वस्तांत जोगेंद्रचंद्र बोस हे बंगाली वकील होते, चार्ल्स गोलकनाथ हे ख्रिस्ती गृहस्थ होते आणि लाला हरकिशनलाल हे पंजाबी हिंदू होते. तीन निरनिराळ्या समाजांतील तिघे एकत्र बसले म्हणजे कोणा एकाला परस्पर कारभार करणे कठीण जाते.

वारसाहक्काचा दावा

९ सप्टेंबर १८९८ रोजी सरदार दयालसिंग यांचे निधन झाले. मृत्युपत्राची अंमलबजावणी ज्यांच्यावर सोपविली होती, त्यांनी लाहोरच्या कोर्टाकडे प्रोबेट मागितले. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा व त्याप्रमाणे कारभार करण्याच्या अधिकाराचा कोर्टाने दिलेला दाखला. सरदारांच्या पत्नी भगवान कौर यांनी त्यास हरकत घेतली.

येथे त्या बाईंना दोष देण्याचे कारण नाही. पतीच्या पश्चात एवढी मिळकत परक्या माणसांच्या हाती जात आहे असे पाहून कोणत्याही विधवेच्या मनाला काय वाटेल? हक्क मागणे हा गुन्हा नव्हे, आणि त्यांनी तो कायद्याच्या मार्गानेच मागितला. परंतु त्यांच्या वतीने जो मुद्दा मांडला गेला तो मोठा विलक्षण होता.

ज्या १८८१ च्या कायद्याखाली प्रोबेट मागितले होते, तो कायदा हिंदू वगैरे ठराविक समाजांच्या माणसांपुरता होता. बाईंच्या वतीने असे म्हणणे पडले की, सरदार जन्माने शीख आणि मताने ब्राह्मो होते, खाण्यापिण्यात व आचारात त्यांनी जुने नियम पाळले नव्हते, तेव्हा त्या कायद्याच्या अर्थाने ते हिंदूच नव्हते. सबब या कायद्याखाली प्रोबेट देता येत नाही. अशा रीतीने मिळकतीचा वाद धर्माच्या वादावर येऊन ठेपला. माणूस गेल्यावर तो कोण होता, काय खात होता, कोणाच्या प्रार्थनेला बसत होता, याच्या साक्षीपुराव्यावर त्याच्या दानाचे भवितव्य अवलंबून राहिले.

पंजाबच्या चीफ कोर्टात बाईंच्या विरुद्ध निकाल झाला. त्यावर त्यांनी विलायतेस प्रिव्ही कौन्सिलकडे अपील नेले. त्या काळी हिंदुस्थानातील दाव्यांचे ते शेवटचे ठिकाण होते. १९०३ साली तेथे निकाल लागला. त्या कायद्यात वापरलेल्या हिंदू या शब्दात शिखांचाही समावेश होतो, आणि ब्राह्मो मत स्वीकारल्याने अथवा खाण्यापिण्याचे व आचाराचे जुने नियम सोडल्याने माणूस जन्माच्या समाजातून आपोआप बाहेर पडत नाही, असे न्यायाधीशांनी ठरविले. प्रोबेट कायम झाले. हा निकाल त्या कायद्यातील शब्दाच्या अर्थापुरता होता. शीख धर्म हा स्वतंत्र धर्म आहे या श्रद्धेस त्यामुळे बाध येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. हिंदू कायद्याच्या अभ्यासात हा दावा आजही सांगितला जातो.

दानाची फळे

वाद मिटल्यावर विश्वस्तांनी एकेक काम हाती घेतले. ट्रिब्यून १९०६ सालापासून रोज निघू लागले. १९०८ साली ग्रंथालय सुरू झाले. ३ मे १९१० रोजी लाहोर येथे दयालसिंग कॉलेजचे उद्घाटन झाले. सरदारांच्या निधनाला तोवर जवळजवळ बारा वर्षे लोटली होती. तपभर दान अडकून पडले, परंतु बुडाले नाही.

पुढे त्या दानाची खरी कसोटी लागली. १९१९ साली पंजाबात लष्करी कायदा पुकारला गेला तेव्हा ट्रिब्यूनचे संपादक कालीनाथ रॉय यांना दोन वर्षांची कैद झाली. महात्मा गांधींनी त्यांची बाजू घेऊन लेखणी चालविली आणि ती शिक्षा तीन महिन्यांवर आली. पत्राचे धोरण सोडू नये ही दात्याची इच्छा विश्वस्तांनी व संपादकांनी अशा रीतीने पाळली.

त्यानंतर १९४७ साली फाळणीचा प्रलय आला. लाहोर पाकिस्तानात गेले. छापखाना, कॉलेज, ग्रंथालय, इमारती, सर्व तिकडे राहिले. रिकाम्या हातांनी आलेल्या माणसांनी २५ सप्टेंबर १९४७ रोजी सिमला येथून ट्रिब्यून पुन्हा सुरू केले. १९४८ साली ते अंबाल्यास आले आणि १९६९ साली चंदीगडला स्थिर झाले. १९७८ साली त्याच न्यासाने हिंदी व पंजाबी दैनिकेही काढली. १९४९ साली कर्नाल येथे आणि १९५९ साली दिल्ली येथे दयालसिंग कॉलेज उभे राहिले. दिल्लीत ग्रंथालयही पुन्हा स्थापन झाले. तिकडे लाहोरातही कॉलेज व ग्रंथालय दयालसिंग यांच्याच नावाने चालू राहिले. कॉलेज १९७२ साली सरकारच्या ताब्यात गेले, तरी नाव बदलले नाही. देशाची वाटणी झाली, परंतु या एका नावाच्या संस्था दोन्ही देशांत राहिल्या.

दात्यांनी व विश्वस्तांनी घ्यावयाचा बोध

सरदारांचे दान कशामुळे टिकले? पैसा पुष्कळ होता एवढेच त्याचे कारण नव्हे. त्यांच्यापेक्षा मोठ्या धनिकांची मिळकत एका पिढीत उधळली गेलेली लोकांनी पाहिली आहे. सरदारांनी शुद्धीत असताना, वेळेवर, कागदावर लिहून ठेविले. पैसा कशासाठी हे स्पष्ट सांगितले. कारभार एकट्याच्या हाती न देता निरनिराळ्या माणसांच्या हाती दिला. शिल्लक कोठे जावी हेही ठरवून दिले. म्हणूनच तो कागद लाहोरच्या कोर्टात टिकला आणि विलायतेतही टिकला.

आज आपल्या राज्यात यासाठी चांगली सोय आहे. १९५० सालच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे देवस्थानची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. विश्वस्त बदलले तर नव्वद दिवसांच्या आत तेथे तसे कळवावे लागते. हिशेब तपासून घ्यावे लागतात. नोंदलेल्या देवस्थानची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून विकता येत नाही. जमीन किंवा घर दान द्यावयाचे तर बक्षीसपत्र नोंदवावे लागते, नुसत्या शब्दावर ते होत नाही. मृत्युपत्रास नोंदणीची सक्ती नाही, परंतु दोन साक्षीदारांच्या सह्या अवश्य लागतात.

आणखी एक गोष्ट. दान देण्यापूर्वी घरच्या माणसांना विश्वासात घ्यावे. पत्नी, मुले, भाऊ यांना आधी सांगितले आणि त्यांची सोय आधी पाहिली, तर पुढचे पुष्कळ वाद टळतात. घरच्यांच्या डोळ्यांत पाणी आणून दिलेले दान देवालाही गोड लागत नाही.

जीर्णोद्धार झाला म्हणजे दात्यांची नावे दगडावर कोरली जातात, आणि ते योग्यच आहे. पावसापाण्याने दगडावरील अक्षरे शे-दोनशे वर्षांत पुसट होतील. दप्तरातील कागद नीट ठेवला, हिशेबाची वही दरवर्षी गावासमोर वाचली, आणि एका पिढीने दुसरीच्या हाती किल्ल्या देताना सर्व काही मोजून दिले, तर दिलेल्या प्रत्येक रुपयाचे आणि प्रत्येक विटेचे पुण्य पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचेल. सरदार दयालसिंग यांनी स्वतःचे कॉलेज पाहिले नाही, ग्रंथालयही पाहिले नाही. ज्या मुलांनी तेथे विद्या घेतली, त्यांनी सरदारांना पाहिले नाही. तरी देणे पोहोचले.