छोट्या विमानांवरील हवेचा रोध

विमानाच्या गतीला विरोध करणाऱ्या हवेच्या बलास रोध म्हणतात. समपातळीत, स्थिर वेगाने उडताना प्रोपेलरचे पुढे खेचणारे बल आणि रोध समान असतात. म्हणून इंधनाचा बराचसा खर्च रोधावर मात करण्यातच होतो. १९५६ साली बाजारात आलेल्या चार आसनी सेसना १७२ या विमानात रोधाचे सर्व प्रमुख प्रकार स्पष्ट दिसतात.

पहिला प्रकार परजीवी रोध. तो उचल निर्माण करण्याशी निगडित नसतो. या विमानाची चाके उड्डाणात आत घेता येत नाहीत. चाके, त्यांचे दांडे आणि पंखांना आधार देणारे तिरपे खांब यांच्यामागे हवा विस्कळीत होते. पृष्ठभागाशी होणारे हवेचे घर्षण, पंख व धड यांच्या सांध्यांत प्रवाहांची होणारी गुंतागुंत आणि इंजिन थंड ठेवण्यासाठी आत घेतलेली हवा यांचीही त्यात भर पडते. वेग दुप्पट झाला की हा रोध चौपट होतो.

दुसरा प्रकार प्रेरित रोध. पंखाखाली दाब अधिक आणि वर कमी असल्याने हवा पंखाच्या टोकाला वळसा घालून वर येते व मागे भोवरे सोडते. त्यामुळे पंखाजवळचा प्रवाह खाली झुकतो आणि उचल किंचित मागे कलते. हा मागे कललेला अंश म्हणजे प्रेरित रोध. वेग निम्मा झाल्यास तो चौपट होतो.

हे दोन्ही रोध ज्या वेगाला समान होतात, तेथे एकूण रोध सर्वांत कमी असतो. इंजिन बंद पडल्यास वैमानिक याच वेगाचा आधार घेतो. सेसना १७२ एस या आवृत्तीत पूर्ण भारासह तो सुमारे ६८ नॉट, म्हणजे ताशी १२६ किलोमीटर आहे. या वेगाने, वारा नसताना, हजार फूट उंची खर्चून सुमारे पावणेतीन किलोमीटर अंतर कापता येते.

धावपट्टी थोडी दूर भासली की नाक वर उचलण्याचा मोह होतो. मात्र त्याने वेग घटतो, प्रेरित रोध वाढतो आणि विमान अलीकडेच उतरते. वेग फारच घटल्यास पंखांची उचल ढासळते. अशा वेळी योग्य वेग न सोडणे हाच सुरक्षित मार्ग होय.