महीच्या मुखापासून दक्षिणेच्या हिमसागरापर्यंत

वडोदऱ्याच्या सयाजीबागेतील संग्रहालयात इजिप्तची ममी पाहून पुढे आलेली मुले ज्या प्रचंड हाडांपुढे थबकतात, तो एका निळ्या देवमाशाचा सांगाडा होय. लांबी सुमारे सत्तर फूट. मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला हा जीव थेट दक्षिण ध्रुवाकडून आला असावा, अशी कल्पना कोणी करू नये. अरबी समुद्रातही निळे देवमासे राहतात. तथापि त्याच्या जातीचा सर्वांत मोठा मेळा उन्हाळ्यात भरे तो दक्षिणेच्या हिमसागरात, आणि त्याचा संहारही तेथेच झाला.

१९०४ साली नॉर्वेच्या लार्सन या दर्यावर्दीने दक्षिण जॉर्जिया बेटावर शिकारीचे ठाणे वसविले. पुढे देवमासा ओढून घेणारी व त्याची चरबी जागच्या जागी कढविणारी कारखान्यासारखी जहाजे आली. त्या तेलापासून साबण होई आणि गरिबांच्या पावाला लावावयाचे मार्गारीनही. १९३०–३१ च्या एका मोसमात २९ हजारांहून अधिक निळे देवमासे मारले गेले. १९६६ साली आंतरराष्ट्रीय आयोगाने या जातीला संरक्षण दिले, तेव्हा मारावयास फारसे काही उरलेच नव्हते.

योगायोग असा की, त्याच १९६६ साली लार्स-एरिक लिंडब्लाड याने हौशी प्रवाशांची आपली पहिली तुकडी अंटार्क्टिकाला नेली. भाल्याऐवजी दुर्बीण घेऊन माणूस तेथे जाऊ लागला. आज एका मोसमात लाखावर प्रवासी जातात. जहाज नांगरून ते कायाक नावाच्या अरुंद होडीतून हिमनगांमधून वल्ही मारतात, किनाऱ्यावर उतरून पेंग्विनांच्या वसाहतींच्या कडेने पायी भटकतात. ही होडी मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची. सीलच्या कातड्याने मढविलेली, आणि सीलच्याच शिकारीसाठी घडविलेली! ती निःशब्द चालते म्हणून शिकाऱ्याला उपयोगी पडली. त्याच गुणामुळे आज ती पाहुण्याला शोभते.

परंतु पाहुणा कितीही सभ्य असला तरी त्याच्या पायांना धूळ असतेच. म्हणून एका ठिकाणी एका वेळी शंभराहून अधिक माणसे उतरवीत नाहीत, पेंग्विनापासून निदान पाच मीटर दूर राहावे लागते, आणि जहाजावर चढता-उतरताना बूट जंतुनाशकात धुवावे लागतात. हा सोवळेपणा उगाच नव्हे. २०२४ साली पक्ष्यांच्या तापाचा घातक विषाणू अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर आढळला. तो रानपक्ष्यांनी नेला असावा असे मानतात. पण एका वसाहतीतून दुसरीत तो माणसाच्या बुटाने जाऊ नये, एवढे तरी माणसाच्या हाती आहे.

भारताचे पाऊल तेथे पडले ते गोव्याच्या वाटेने. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जणांची तुकडी निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. १९८३–८४ च्या तिसऱ्या मोहिमेत दोन स्त्रिया होत्या: भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि नागपुरास जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत. औंधच्या पंत घराण्यातील ही कन्या गोव्याच्या सागरविज्ञान संस्थेत काम करीत होती. सेनगुप्तांनी खडक तपासले. पंतांच्या अभ्यासाचा विषय होता समुद्रातील सूक्ष्म जीवसृष्टी. या सूक्ष्म वनस्पतींवर क्रिल नावाचा बोटाएवढा कोळंबीसारखा जीव जगतो, आणि क्रिलवर पेंग्विन, सील व देवमासा. सत्तर फुटांची ती हाडे अखेर नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या हिरवळीवरच उभी राहतात!

२०२२ साली संसदेने अंटार्क्टिकाविषयी स्वतंत्र कायदा केला. त्यान्वये भारतातून निघणाऱ्या मोहिमेला परवाना घ्यावा लागतो. तेथील पशुपक्ष्यांना त्रास देणे हा गुन्हा ठरतो. बाहेरचे झाड, प्राणी, फार काय निर्जंतुक न केलेली मातीही नेता येत नाही. बुटाच्या तळाला चिकटलेला महीकाठचा चिखलसुद्धा त्यात आला.