पेन्शनरांचे पुणे : सोयी आणि दाटी

ब्रिटिश अमदानीत मुंबई सरकारचा कारभार पावसाळ्यात पुण्याहून चालत असल्यामुळे अनेक सरकारी नोकरांना हे शहर परिचयाचे झाले होते, आणि पंचावन्नाव्या वर्षी सेवानिवृत्ती येऊन निवृत्तिवेतन, म्हणजेच पेन्शन, सुरू झाले की त्यांतील कित्येक जण येथेच बिऱ्हाड थाटत. कोरडी हवा आणि खडकवासल्याचे पाणी ही मोठी ओढ होती, तरी १८४८ मध्ये स्थापन झालेले, आज पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखले जाणारे ग्रंथालय आणि १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला यांचे मोलही कमी नव्हते. सकाळी पर्वती चढावी, दुपारी वाचनालयात वर्तमानपत्रे चाळावीत, संध्याकाळी व्याख्यानाला जावे आणि हे सारे पायी व्हावे, यातच पेन्शनरांच्या पुण्याचे खरे वैभव होते. सोयींची नुसती यादी करणाऱ्यांच्या नजरेतून हे पायीपण नेमके निसटते.

१९५१ च्या जनगणनेत पाच लाखांच्या आत असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये एकतीस लाखांवर गेली. १९६१ च्या पानशेत पुरात नदीकाठचे वाडे वाहून गेले, पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती उठल्या, पिंपरी-चिंचवडला कारखाने आणि पुढे हिंजवडीला संगणक कंपन्या आल्या. या वाढीत निवृत्तांचाही हात होता, कारण डेक्कन जिमखान्यावरचा बंगला वारसांत वाटायचा किंवा म्हातारपणी सांभाळायचा म्हणजे तो पाडून सदनिका बांधणे हाच मार्ग अनेक कुटुंबांना सोयीचा वाटला. दाटीने वाचनालय बंद पडले नाही, की पर्वती हलली नाही; मात्र तेथवरची वाट वृद्धांना दुस्तर झाली, आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला, म्हणजे पेन्शनर जिवंत असल्याचे प्रमाणपत्र, देण्यासाठी बँकेत जायचे तर वाहनांच्या लोंढ्यातून रस्ता ओलांडण्याकरिता कोणाचा तरी हात धरावा लागू लागला. ही हानी कोणत्याही विकास आराखड्यात मोजली गेली नाही, हे क्लेशदायक आहे.

एकविसाव्या शतकात पाषाण, बावधन, बाणेर या बाजूंना ‘अथश्री’सारखी खास ज्येष्ठांसाठीची संकुले उभी राहिली. भोजनगृह, वैद्यकीय मदत, फिरण्याची मोकळी वाट अशा सोयी तेथे कुंपणाच्या आत आणि ठरावीक घरांच्या हिशेबाने मिळतात, म्हणून दाटीवर तो एक खरा उतारा आहे. पण ज्याला त्याचा खर्च झेपतो त्यालाच तो लाभतो, आणि वसंत व्याख्यानमाला ऐकायची असेल तर तेथल्या रहिवाशालाही वाहन करून टिळक रस्त्यापर्यंत यावे लागते.