बडोद्याचा विन्या आणि लाख तांदूळ

बडोद्यातल्या एका मराठी घरात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तांदळावरून वाद झाला. आईने देवाला लाख तांदूळ वाहायचे ठरवले होते. ती एकेक दाणा मोजून वाही. वडील म्हणाले, तोळाभर तांदळाचे दाणे मोज, त्यावरून लाखाचे वजन काढ, वर अर्धा तोळा जास्त घाल. आईला उत्तर सुचेना, तिने मुलाला विचारले. मुलगा गणितात हुशार, तरी तो म्हणाला की हा हिशेबाचा प्रश्नच नाही, दाण्यागणिक देवाची आठवण होते ती खरी.

हा विन्या, म्हणजे विनोबा भावे. जन्म १८९५ चा, गागोद्याचा. वडील नरहरपंत विज्ञाननिष्ठ. मुलाने शाळेत फ्रेंच घेतली, तेव्हा संस्कृत का नाही, असे आई रुक्मिणीबाईंनी विचारले. तो अनवाणी हिंडे, जमिनीवर निजे. मित्र जमवून त्याने विद्यार्थी मंडळ काढले.

माझी भाची सध्या तिथेच एम. ए. करते. पंधरा ते अठराच्या मुलांच्या धर्मश्रद्धा हा तिच्या प्रबंधाचा विषय. प्रश्नावलीचे मराठी तपासायला तिने माझ्याकडे पाठवले. देवळात किती वेळा जाता? उपास करता का? समोर चौकोन. रकाने भरून घेण्यातच माझी नोकरी चालली आहे, तरी विन्याने यात कुठे खूण केली असती ते मला सांगता येईना. तिला मी कळवले, "बाय, चौकोनांखाली चार ओळी मोकळ्या सोड, आणि आयांनाही विचार."

आयांना अशासाठी, की विन्याच्या या गोष्टी विनोबांनीच पुढे सांगितलेल्या आहेत. उतारवयात माणसाला आपले बालपण जरा सरळ रेषेत दिसते. त्यातली एक आठवण मात्र मला फार भरवशाची वाटते, कारण ती त्यांच्याच विरुद्ध जाते. आई म्हणे, तू वैराग्याचे नाटक बरे करतोस, मी पुरुष असते तर खरे वैराग्य काय ते दाखवले असते.

१९१६ साली विन्याने आईसमोर आपली सर्टिफिकिटे चुलीत घातली. पुढे लागतील, असे ती म्हणाली. त्याच मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला विन्या वाटेत सुरतेला उतरला आणि काशीला गेला. १९१८ साली आई गेली. मला कळेल अशी गीता मराठीत कर, असे तिने सांगितले होते. ती 'गीताई' त्याने १९३०-३१ मध्ये लिहिली.