घरातील वाय-फाय वारंवार तुटते, तेव्हा दोष नेमका कोठे? तपासणीची क्रमवार पद्धत

नवी दिल्ली : घरातील इंटरनेट ऐन कामाच्या वेळी बंद पडले की बहुतेक कुटुंबांत एकच उपाय केला जातो. राउटर बंद करून पुन्हा सुरू केला जातो. काही काळ जोडणी सुरळीत चालते आणि पुन्हा तुटते. मग सेवा पुरवठादाराकडे तक्रार नोंदवली जाते. तंत्रज्ञ येतो, राउटरशेजारी उभे राहून मोबाइलवर वेग मोजतो, आकडा पूर्ण दिसतो आणि तक्रार निकाली निघते. आठवडाभरात तोच प्रकार पुन्हा घडतो. या फेऱ्यात कधी गरज नसताना नवा राउटर विकत घेतला जातो, तर कधी अधिक वेगाची महागडी योजना स्वीकारली जाते. मूळ दोष मात्र जागच्या जागी राहतो.

ऑनलाइन परीक्षा, घरून चालणारी नोकरी, ‘ई-संजीवनी’सारख्या सेवेद्वारे मिळणारा वैद्यकीय सल्ला आणि बँकेचे व्यवहार आता याच जोडणीवर अवलंबून आहेत. त्यामुळे तिची अस्थिरता ही केवळ मनोरंजनातील अडचण राहिलेली नाही. येथे वेग आणि स्थैर्य यांतील फरकही ध्यानात घ्यावा लागतो. व्हिडिओ कॉलला काही एमबीपीएस वेग पुरतो. पण तो सलग मिळावा लागतो. १०० एमबीपीएसची जोडणी दर पाच मिनिटांनी दहा सेकंद तुटत असेल, तर योजना ३०० एमबीपीएसची केल्याने कॉल तुटणे थांबत नाही.

दोन स्वतंत्र दुवे

बोलण्यात ‘इंटरनेट’ आणि ‘वाय-फाय’ हे शब्द एकाच अर्थाने येतात. प्रत्यक्षात ते दोन वेगळे दुवे आहेत. पहिला दुवा सेवा पुरवठादाराच्या केंद्रापासून घरातील पेटीपर्यंतचा. फायबर जोडणीत या पेटीला ‘ओएनटी’ म्हणतात. अनेक घरांत तिला मोडेम असेच संबोधले जाते. दुसरा दुवा राउटरपासून मोबाइल, लॅपटॉप किंवा दूरचित्रवाणी संचापर्यंतचा. तो रेडिओ लहरींचा असतो. कित्येक घरांत ओएनटी आणि राउटर एकाच पेटीत असल्याने हा भेद डोळ्यांना दिसत नाही.

जबाबदारीच्या दृष्टीने मात्र तो महत्त्वाचा आहे. पहिला दुवा सुरळीत ठेवणे हे पुरवठादाराचे काम. दुसरा दुवा घराची रचना, शेजाऱ्यांचे राउटर आणि वापरातील उपकरणे यांवर अवलंबून असतो. भारतात वाय-फायसाठीचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, तर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मोकळीक २०१८ मध्ये वाढवण्यात आली. परवानामुक्त वापराची अट अशी की हा पट्टा सर्वांनी मिळून वापरावयाचा असतो आणि इतरांच्या लहरींमुळे होणाऱ्या व्यत्ययापासून कोणालाही संरक्षण नसते. म्हणून दोष कोणत्या दुव्यात आहे, हे ठरवणे ही तपासणीची पहिली पायरी ठरते.

पहिली चाचणी : तारेने जोडून पाहणे

लॅपटॉप किंवा संगणक लॅन केबलने थेट राउटरला जोडावा आणि त्याचे वाय-फाय बंद करावे. या स्थितीत तासभर नेहमीचे काम करून पाहावे. तारेवरही जोडणी तुटत असेल, तर दोष बहुधा बाहेरील लाइनमध्ये, राउटरमध्ये किंवा वीजपुरवठ्यात असतो. तारेवर सर्व सुरळीत आणि वाय-फायवर अडचण असेल, तर दोष घरातील लहरींच्या दुव्यात आहे. लॅपटॉपला लॅनची खाच नसल्यास यूएसबी अडॅप्टर वापरता येतो. तेही शक्य नसेल, तर राउटरपासून दोन मीटरच्या आत बसून हीच चाचणी करावी. मात्र तिचा निष्कर्ष तेवढा निर्णायक नसतो.

अधिक नेमकी माहिती ‘पिंग’ चाचणीतून मिळते. विंडोज संगणकात ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून इंग्रजीत ‘पिंग’ हा शब्द आणि त्यापुढे राउटरचा पत्ता लिहावा. हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या तळाशी छापलेला आढळतो. अंक इंग्रजीच टंकावेत. पत्त्यानंतर एक जागा सोडून उणे चिन्ह आणि इंग्रजी ‘टी’ हे अक्षर जोडल्यास आपण थांबवेपर्यंत चाचणी चालू राहते. दुसऱ्या खिडकीत हीच चाचणी ८.८.८.८ या बाहेरील पत्त्यावर चालू ठेवावी. वाय-फायवर काम करताना दोन्ही खिडक्या शेजारी ठेवल्या की तीन शक्यता वेगळ्या होतात :

– राउटरकडूनच उत्तर येत नाही किंवा त्याला लागणारा वेळ सतत वरखाली होतो : दोष घरातील वाय-फायमध्ये.

– राउटरचे उत्तर नियमित येते, बाहेरील पत्त्याचे मात्र थांबते : दोष लाइनमध्ये किंवा पुरवठादाराच्या जाळ्यात.

– दोन्ही उत्तरे नियमित आहेत, तरी संकेतस्थळे उघडत नाहीत : संकेतस्थळाच्या नावाचे अंकी पत्त्यात रूपांतर करणारी ‘डीएनएस’ सेवा अडखळत असण्याची शक्यता. राउटरमधील डीएनएसचा पत्ता बदलून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ केल्यास हा दोष अनेकदा दूर होतो.

घरातील केवळ एकाच उपकरणावर अडचण येत असेल, तर राउटरला हात लावण्याआधी त्या उपकरणातील जतन केलेले नेटवर्क काढून पुन्हा जोडावे आणि त्याची प्रणाली अद्ययावत करावी.

लाइनमधील दोषाच्या खुणा

ओएनटीवरील दिव्यांवरून बरेच काही कळते. ‘पॉन’ हा दिवा स्थिर हिरवा असणे ही सुस्थिती. ‘एलओएस’ हा दिवा लाल लागला किंवा लुकलुकू लागला, तर फायबरमधून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ. अशा वेळी राउटर कितीही वेळा सुरू-बंद केला तरी उपयोग होत नाही; तक्रारच नोंदवावी लागते.

तत्पूर्वी घरातील तार पाहून घ्यावी. फायबरची तार कपाटामागे दबलेली, खिडकीच्या चौकटीत चेपलेली किंवा कोपऱ्यात काटकोनात वाकवलेली असेल, तर वाकलेल्या जागी प्रकाश गळतो. तिला मोठा, सैल वळसा द्यावा. तारेचे टोक काढून त्यात डोकावून पाहू नये. त्यातील लेसर प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. तंत्रज्ञ आल्यावर त्याला पेटीवर पोहोचणाऱ्या प्रकाशाची पातळी मोजण्यास सांगावे. हा आकडा उणे २७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून खाली असेल, तर जोडणी काठावर चालत आहे असे समजावे. केवळ वेगाच्या चाचणीत हा दोष दिसेलच असे नाही.

अनेक गावांत आणि जुन्या इमारतींत फायबर गच्चीवरील पेटीपर्यंतच येते आणि तेथून घरापर्यंत तांब्याची लॅन केबल असते. ऊन-पावसाने तिचे आवरण तडकते, टोके गंजतात. पावसाळ्यात जोडणी हमखास बिघडत असेल, तर प्रथम याच भागाकडे बोट जाते. विजेच्या गडगडाटात ही केबल राउटरपासून काढून ठेवणे हिताचे. कारण फायबर वीज वाहून नेत नाही, तांबे नेते. योजना ३०० एमबीपीएसची असूनही वेग ९४-९५ च्या पुढे जात नसेल, तर बहुधा केबलच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलेली असते किंवा राउटरची खाचच १०० एमबीपीएसची असते. एक गिगाबिटसाठी चारही जोड्या लागतात. १०० एमबीपीएसला दोन पुरतात.

वीजपुरवठ्याचा संशयही दूर करून घ्यावा. वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होताना क्षणभर खंड पडला, तरी राउटर पुन्हा सुरू होतो आणि जोडणी परत येण्यास काही मिनिटे जातात. राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस हा त्यावरील तुलनेने स्वस्त उपाय. वर्षानुवर्षे चालू असलेला अडॅप्टर क्षीण झाला, तरीही राउटर मधूनच स्वतःहून बंद-सुरू होतो. नवा अडॅप्टर घेताना व्होल्टेज तंतोतंत तेच आणि अँपिअर तेवढे किंवा अधिक असावे.

घरातील लहरींचा दोष

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूरवर पोहोचतात आणि भिंती तुलनेने सहज ओलांडतात. पण या पट्ट्यात जागा थोडी आणि गर्दी मोठी. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ उपकरणे आणि सुमारे २४५० मेगाहर्ट्झवर चालणारी मायक्रोवेव्ह भट्टी ही सारी याच पट्ट्यात असतात. ५ गिगाहर्ट्झवर वेग अधिक आणि गर्दी कमी. मात्र दोन-तीन भिंतींपलीकडे सिग्नल झपाट्याने क्षीण होतो. त्यामुळे राउटरच्याच खोलीतील लॅपटॉप व दूरचित्रवाणी संचासाठी ५ गिगाहर्ट्झ, तर दूरच्या खोलीतील उपकरणांसाठी २.४ गिगाहर्ट्झ, अशी विभागणी सोयीची ठरते. दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे दिल्यास कोणते उपकरण कोठे जोडले आहे, हे तपासणीच्या काळात स्पष्ट दिसते.

सिग्नलचे बळ अँड्रॉइड फोनवरील वाय-फाय विश्लेषक ॲपमध्ये डीबीएममध्ये दिसते. हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल बळकट. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉलसाठी पुरेसा, तर उणे ७५ च्या खाली जोडणी डळमळू लागते. दर १० अंकांच्या घसरणीला सिग्नलची शक्ती दहापट घटते. म्हणूनच राउटरची जागा थोडी बदलल्यानेही मोठा फरक पडतो.

राउटर घराच्या मध्याजवळ, छातीच्या उंचीवर आणि उघड्यावर असावा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी आणि सळयांच्या काँक्रीटची भिंत हे लहरींचे मोठे अडथळे. टीव्हीमागे किंवा बंद फडताळात ठेवलेल्या राउटरचा सिग्नल तर अडतोच, शिवाय तो तापून मंदावतो.

गर्दी असल्यास चॅनेल बदलून पाहावे. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ ही परस्परांवर न चढणारी प्रचलित तीन चॅनेल आहेत. विश्लेषक ॲपमध्ये ज्यावर शेजारचे नेटवर्क कमी दिसतील ते निवडावे आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी.

एवढे करूनही एखाद्या खोलीत सिग्नल पोहोचत नसेल, तरच नव्या उपकरणाचा विचार करावा. एकाच पट्ट्यावर चालणारा साधा रिपीटर प्रत्येक संदेश दोनदा प्रक्षेपित करतो. त्यामुळे त्याच्यामार्फत मिळणारा वेग जवळपास निम्मा होतो. त्या खोलीपर्यंत लॅन केबल नेऊन तेथे दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग. तार ओढणे शक्य नसेल, तर मेश प्रणाली हा पर्याय उरतो.

ठरावीक वेळी कॉल अडखळत असेल, तर सिग्नलखेरीज आणखी एक कारण संभवते. एखादा फोन त्या वेळी शेकडो छायाचित्रे क्लाउडवर चढवत असेल, तर बाहेर जाणारी वाट भरून जाते आणि इतरांचा आवाज तुटतो. असा बॅकअप रात्री उशिरा ठेवावा. राउटरच्या पानावरील जोडलेल्या उपकरणांची यादीही पाहावी. अनोळखी उपकरण आढळल्यास पासवर्ड बदलून डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ सुरक्षा निवडावी.

‘रिसेट’ करताना सावधगिरी

राउटर बंद करून सुरू करणे आणि त्याच्या बारीक छिद्रात टाचणी घालून ‘रिसेट’ करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. दुसऱ्या क्रियेत पुरवठादाराने भरलेली सारी माहिती पुसली जाऊ शकते आणि मधूनमधून तुटणारी जोडणी पूर्णच बंद पडू शकते. पुरवठादाराचे युजरनेम व पासवर्ड हाताशी असल्याखेरीज हा उपाय करू नये.

नोंद ठेवून तक्रार

तीन-चार दिवसांची साधी नोंद बरेच काम करते : जोडणी तुटल्याची वेळ, त्या वेळचे ओएनटीचे दिवे, तारेवरील स्थिती आणि पाऊस किंवा वीज गेल्याची नोंद. केवळ संध्याकाळी तारेवरही वेग घसरत असेल, तर पुरवठादाराच्या जाळ्यातील गर्दी संभवते. पावसात तुटत असेल, तर केबलचा जोड. वेग मोजण्यासाठी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे म्हणजे ‘ट्राय’चे ‘मायस्पीड’ ॲप उपलब्ध आहे. आकडा वाचताना एमबीपीएस म्हणजे मेगाबिट हे लक्षात ठेवावे. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट गतीने उतरते. हा दोष नव्हे.

दोष लाइनमध्ये असल्याची खात्री झाल्यावर पुरवठादाराच्या तक्रार केंद्राकडे नोंद करून डॉकेट क्रमांक घ्यावा. ‘ट्राय’च्या २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार ही यंत्रणा द्विस्तरीय आहे. केंद्राकडून समाधान न झाल्यास त्याच पुरवठादाराच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत विनाशुल्क अपील करता येते आणि त्यावर ३९ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. वैयक्तिक तक्रारींचा निवाडा ‘ट्राय’ स्वतः करत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दूरसंचार सेवेविषयीची तक्रार ग्राहक आयोगापुढेही नेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

‘वाय-फाय नीट चालत नाही’ एवढ्याच शब्दांत मांडलेली तक्रार घरातील भिंतींवर ढकलली जाऊ शकते. ‘लॅन केबलवर, अमुक वेळी, राउटरचे उत्तर येत असताना बाहेरील जोडणी तुटली’ अशी नोंद समोर ठेवल्यास तपासणी लाइनपासून सुरू करावी लागते. घरातील दुरुस्ती करतानाही एका वेळी एकच बदल करावा आणि किमान एक दिवस परिणाम पाहावा. जागा, चॅनेल आणि केबल एकदमच बदलल्यास जोडणी सुधारली तरी कशामुळे सुधारली हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो.