सामूहिक वृक्षसंगोपन (दुष्काळी भागातील)

दुष्काळप्रवण भागात गावकऱ्यांनी गायरान, डोंगरउतार व रस्त्यांच्या कडेला मिळून झाडे लावणे आणि ती स्वतःच्या मुळांवर तग धरेपर्यंत सांभाळणे. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील माण, खटाव, आटपाडी, सांगोला, पारनेर हे तालुके या कामाचे महत्त्वाचे क्षेत्र. येथे नोव्हेंबर ते मे असे सुमारे सात महिने बहुतांशी कोरडे जातात. जुलैत लावलेल्या रोपाचा पहिला निकाल पुढच्या वैशाखात लागतो. राज्य शासनाची वृक्षलागवड मोहीम 1 जुलै 2016 रोजी दोन कोटी रोपांच्या उद्दिष्टाने सुरू झाली आणि 2019 मध्ये ते 33 कोटींवर गेले. मात्र असे काम लावलेल्या रोपांवरून जोखणे अपुरे आहे. तीन उन्हाळ्यांनंतर किती झाडे उभी आहेत, हेच त्याचे खरे माप होय.

झाड जगणे मुख्यतः गावाच्या निर्णयावर अवलंबून असते. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी गावाच्या पंचसूत्रीत नसबंदी, नशाबंदी व श्रमदानाबरोबर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीही होती. हिवरे बाजार गावाने 1989 पासून पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात हीच वाट धरली. तेथे डोंगरउतारावर समतल चर खोदून पाणी मुरवले गेले, गवत वाढले आणि झाडांना ओल मिळाली. रोपाला मोठे आळे करणे, बुडाशी पालापाचोळा पसरणे, शेजारी मातीचे मडके पुरून त्यातून पाणी झिरपू देणे, भोवती बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालणे, ही कामे स्वस्त आहेत. पण पाळी लावून ती करणारी माणसे हवीत. एका दिवसाच्या श्रमदानाला शहरातून आलेले हात खड्डे खोदू शकतात, चैत्रातले पाणी मात्र गावालाच घालावे लागते.

चराईबंदीमुळे शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या भूमिहीनांची उपासमार होते, हा आक्षेप रास्त आहे. त्यामुळे बंदी सरसकट न घालता कुरण आळीपाळीने मोकळे ठेवावे आणि विळ्याने गवत कापून नेण्याचा पहिला हक्क त्यांनाच द्यावा. ज्यांचे पोट बंदीने मारले जाते, त्यांच्याकडून राखणीची अपेक्षा करता येत नाही. दुसरा आक्षेप असा की, कमी पावसाच्या प्रदेशात झाडेच पाणी शोषतात. दाट लावलेल्या, झपाट्याने वाढणाऱ्या परदेशी जातींबाबत तो खराही ठरू शकतो. म्हणून कडुनिंब, करंज, बोर, हिवर अशा काटक जाती विरळ लावाव्यात आणि सोलापूरजवळच्या नान्नजसारखी, माळढोक पक्ष्यासाठी ओळखली जाणारी गवताळ माळराने तशीच राखावीत. कोठे झाड लावायचे नाही, हे ठरवणेही संगोपनाचाच भाग आहे. खरे माप जगलेली झाडे हेच असल्याने निधी देताना रोपांच्या संख्येपेक्षा तीन वर्षांच्या राखणीला अधिक वाटा मिळाला पाहिजे.