हिशेब मागणारा विरोधक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या राधानगरीचं नाव निघालं की शाहू महाराजांच्या धरणाची आठवण होते. त्या धरणातून सुटलेलं पाणी भोगावतीच्या पात्रातून कोल्हापूरकडे जातं. पण नदी खाली आणि शेत वर, त्यामुळे पाणी आपणहून उसाला मिळत नाही. ते मोटारीनं उचलावं लागतं. म्हणजे धरण भरलेलं असलं, तरी आमच्या पाण्याचा खरा भाव ठरतो तो विजेच्या दरावर. ही साधी गोष्ट सरकारदरबारी वर्षानुवर्षं मांडणारा एक माणूस होता, प्रा. एन. डी. पाटील. आज मी त्यांच्याविषयी बोलणार आहे.

नारायण ज्ञानदेव पाटील यांचा जन्म १५ जुलै १९२९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ढवळी गावी, शेतकरी कुटुंबात झाला. अर्थशास्त्रात एम. ए. आणि कायद्याची पदवी त्यांनी घेतली, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत प्राध्यापकीही केली. विद्यार्थिदशेतच त्यांनी शेतकरी कामगार पक्षाचा लाल झेंडा खांद्यावर घेतला होता. तो त्यांनी शेवटपर्यंत खाली ठेवला नाही.

हे वाक्य बोलायला सोपं आहे. त्या काळात ते किती अवघड होतं, हे समजून घ्यायला हवं. १९४७ साली स्थापन झालेल्या या पक्षाला बहुजन समाजातून मोठा पाठिंबा होता. पण ज्यांनी पक्ष उभा केला, ते केशवराव जेधे आणि शंकरराव मोरेच काही वर्षांत काँग्रेसमध्ये परतले. पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं. यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचं राजकारण सुरू केलं आणि यशवंतराव मोहित्यांसारखे अभ्यासू नेतेही तिकडे गेले. सहकारी कारखाने, बँका, जिल्हा परिषदा सगळं सत्तेच्या अंगणात होतं. गेलेल्यांनीही पुष्कळ कामं केली, ते नाकारण्याचं कारण नाही. एन. डी. मात्र राहिले. विधान परिषदेत त्यांनी १८ वर्षं काढली. १९८५ ते १९९० या काळात कोल्हापूरकरांनी त्यांना विधानसभेत पाठवलं.

एवढ्या दीर्घ आयुष्यात सत्ता त्यांच्या वाट्याला आली ती जेमतेम दीड वर्ष. १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद मंत्रिमंडळात ते सहकारमंत्री झाले. फेब्रुवारी १९८० मध्ये ते सरकार बरखास्त झालं आणि एन. डी. पुन्हा आपल्या जागी, म्हणजे विरोधात, येऊन बसले. पवारांची बहीण सरोजताई या त्यांच्या पत्नी. लोक त्यांना माई म्हणत. पण या नात्याचा त्यांच्या राजकारणाला कधी अडसर झाला नाही. रायगडमध्ये महामुंबई सेझसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, तेव्हा केंद्रात पवार कृषिमंत्री होते. शेतकऱ्यांच्या बाजूनं लढ्याच्या अग्रभागी एन. डी. होते. सप्टेंबर २००८ मध्ये तिथल्या २२ गावांचं जनमत घ्यावं लागलं आणि पुढे भूसंपादन बारगळलं.

त्यांच्या विरोधाची रीत काय होती? कागद वाचायचे, आकडे जुळवायचे आणि लोकांपुढे हिशेब मांडायचा. त्यांचं भाषण म्हणजे अर्थशास्त्राचा तासच. फरक इतकाच, की समोर धोतर-टोपीतले शेतकरी बसलेले असत. इरिगेशन फेडरेशनच्या माध्यमातून कृषिपंपांच्या वीजदराचा प्रश्न त्यांनी असाच लावून धरला. माझ्यासारख्या भोगावतीकाठच्या माणसाला विजेच्या बिलाकडे बघायची नजर त्यातूनच मिळाली. बिल भरायचं की नाही, याच्या आधी ते कशाचं आणि कसं लावलं, हे विचारायची सवय लागली.

तीच सवय टोलच्या लढ्यात कामी आली. कोल्हापूर शहरात खासगी कंपनीनं सुमारे ५० किलोमीटरचे रस्ते केले आणि त्यासाठी ३० वर्षं टोल घ्यायचं ठरलं. शहराच्या वेशींवर नाके उभे राहिले. आमच्या राधानगरी रस्त्यावर पुईखडीला एक होता. दवाखाना, कोर्ट, बाजार, कॉलेज या सगळ्यासाठी आम्हाला कोल्हापूरच गाठावं लागतं. त्यामुळे शहराचा हा प्रश्न खेड्याचाही झाला. रस्त्यावर खर्च किती झाला, काम पुरं झालं का, त्याचं मूल्यांकन कोणी केलं, असे प्रश्न कृती समितीनं विचारले. ऐंशी ओलांडलेले एन. डी. मोर्चात पुढे होते आणि बरोबर कॉम्रेड गोविंद पानसरे होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरकारनं टोल रद्द केल्याची घोषणा केली. ते ऐकायला पानसरे नव्हते.

सगळ्याच लढायांना असं यश आलं नाही. सीमाभागातल्या मराठी माणसासाठी एन. डी. आयुष्यभर झटले. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, पण १७ जानेवारी २०२२ रोजी कोल्हापुरात त्यांनी डोळे मिटले तोवर निकाल लागला नव्हता. त्यांचा पक्षही त्यांच्या डोळ्यांदेखत आकसत गेला.

मग अशा माणसानं मिळवलं काय, असं कोणी विचारतं. सत्ताधाऱ्यांच्या कामाच्या कोनशिला असतात, त्यांवर नावं असतात. न घेतलेल्या टोलची, न गेलेल्या जमिनीची कोनशिला कुठे बसवणार? म्हणून विरोधकाची कमाई लवकर विसरली जाते. आज पुईखडीवरून आमची एसटी न थांबता शहरात शिरते. आतल्या तरुण पोरांना इथे नाका होता हेसुद्धा ठाऊक नसतं. त्यांना ते कोणीतरी सांगायला हवं, कारण पुढचा हिशेब मागायची पाळी त्यांच्यावरच येणार आहे.